फोटो काढलात, नाव विचारलंत का?

पाऊस संपला की कोकणात फोटोग्राफी टूर सुरू होतात. पुण्या-मुंबईहून दहा-पंधरा जणांचा ग्रुप येतो, गळ्यात महागडे कॅमेरे, सोबत एक शिकवणारा, दोन दिवस हर्णै-मुरूड-आंजर्ले नाहीतर मालवण-तारकर्ली-देवबाग, सकाळी रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, संध्याकाळी मासळीचा लिलाव, मधे एखादं कौलारू घर आणि त्याच्या ओटीवर बसलेली म्हातारी. ते फोटो मग इन्स्टावर येतात, स्पर्धांना जातात, कॅलेंडरवर छापून येतात. फोटो वाईट नसतात हे आधीच सांगतो, त्यातले कितीतरी फार सुंदर असतात, उजेड कधी आणि कुठून पडणार हे त्या लोकांना नीट कळतं. पण त्या फोटोंच्या खाली काय लिहिलेलं असतं ते एकदा वाचा. ‘कोकणची कोळीण’. ‘कष्ट’. ‘दर्याचा राजा’. ‘प्रतीक्षा’. माणसाचं नाव नाही, वाडीचं नाव नाही, कधी कधी तर गावाचं पण नाही, नुसतं ‘कोकण’, आणि कोकण म्हणजे डहाणूपासून वेंगुर्ल्याच्याही पुढे ७०० किलोमीटरच्या वर किनारा आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. माणसाचा फोटो काढायचा तर त्याला विचारायचं, नाव-गाव लिहून घ्यायचं आणि एक प्रिंट त्याच्या घरी पोचवायची. हे फोटोग्राफीतलंच काम आहे, फोकस आणि एक्सपोजर इतकंच, आणि ज्या स्पर्धा, महोत्सव, मासिकं, पर्यटनवाले असे फोटो छापतात, त्यांना बक्षिसं देतात, त्यांनी तशी अट घालायला पाहिजे. ‘आम्हाला क्षण पकडायचा असतो, नावं कुठे विचारत बसणार’ असं ज्यांना वाटतं त्यांनी ज्यांची नावं ते रोज घेतात त्या मोठमोठ्या फोटोग्राफरांचं काम जरा खोलात जाऊन बघावं. तिथे हा प्रश्न कधीचाच येऊन गेलाय, काहींनी तो चांगला सोडवलाय आणि काहींना तो आयुष्यभर पुरलाय.

हर्णैचा लिलाव बघितलाय ना? मोठ्या होड्या खोल पाण्यात उभ्या असतात, मासळी छोट्या होडक्यांतून आणि बैलगाड्यांतून वाळूवर येते, बैल पोटापर्यंत पाण्यात, वाळूवर कोळंबी, बांगडा, पापलेट यांचे ढीग लागतात आणि बोली लावणाऱ्याच्या आवाजावर अख्खा किनारा चालतो. बायका उकिडव्या बसून हिशोब करतायत, बर्फ फोडतायत, पाट्या उचलतायत. आणि त्यांच्यापासून लांब ओळीने लेन्सा लागलेल्या, ७०-२००च्या झूम, म्हणजे कपाळावरचा घामाचा थेंब पण फोटोत येईल आणि जिचा फोटो काढला तिच्याशी एक शब्द बोलायला लागणार नाही. त्या बायकांना कळत नाही असं समजू नका, सगळं कळतं. तिथली एक मावशी मला म्हणाली होती, ‘एवढे फोटो नेतात रे हे, मग ते जातात कुठं?’ ती चिडलेली नव्हती, पैसे पण मागत नव्हती, आपला चेहरा कुठल्या गावाला गेला एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं, आणि किनाऱ्यावर त्या वेळी कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्यांपैकी कुणालाच ते सांगता आलं नसतं.

आता डोरोथिया लँग. फोटोग्राफी शिकवणारा कुणीही तिचा ‘मायग्रंट मदर’ दाखवल्याशिवाय पुढे जात नाही. मार्च १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो, वाटाण्याच्या तोडणीला आलेल्या मजुरांचा कॅम्प आणि पीक थंडीने गेलेलं. लँग तेव्हा अमेरिकन सरकारच्या एका खात्यासाठी शेतकरी-मजुरांची हलाखी टिपत फिरत होती. तंबूत एक बाई, मांडीवर तान्हं, दोन पोरं तिच्या खांद्याला तोंड लपवून. लँगने मोजकेच फोटो काढले आणि निघाली, नाव विचारलं नाही. हे तिने स्वतःच १९६० साली लिहून ठेवलंय, नाव विचारलं नाही, तिची हकीकत विचारली नाही, तिने वय तेवढं सांगितलं, ३२. एरवी हीच लँग लोकांचं बोलणं वहीत उतरवून घेणारी होती, १९३९ला नवऱ्याबरोबर केलेल्या तिच्या पुस्तकात फोटोशेजारी लोकांची स्वतःची वाक्यं आहेत, पण नेमकी त्या दिवशी घाई झाली. फोटो छापून आल्यावर सरकारने त्या कॅम्पला २०,००० पौंड अन्न पाठवलं, म्हणजे फोटोने काम केलं हे नाकारायचं कारणच नाही. मात्र ती बाई तोपर्यंत मुलाबाळांसकट पुढच्या गावाला निघून गेलेली होती.

तिचं नाव जगाला कळलं १९७८ला, एका स्थानिक वार्ताहराने तिला शोधून काढलं तेव्हा. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. ती मूळची चेरोकी, म्हणजे अमेरिकेतल्या आदिवासी समाजातली, आणि चाळीसेक वर्षं सगळं जग तिला गोऱ्या गरीब शेतकरणीचं प्रतीक म्हणून बघत आलं. लँगच्या टिपणात होतं की या कुटुंबाने गाडीचे टायर विकून खाणं आणलं, फ्लॉरेन्सच्या मुलाने पुढे सांगितलं की हे साफ चूक आहे, विकायला आमच्याकडे जादाचे टायर होतेच कुठे, लँगने बहुतेक दुसऱ्याच कुणाची गोष्ट आमच्या फोटोला जोडली. आणि फ्लॉरेन्स स्वतः काय म्हणाली? हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, मला त्यातून एक पैसा मिळाला नाही, तिने माझं नाव पण विचारलं नाही, एक कॉपी पाठवते म्हणाली होती, ती कधी आली नाही.

त्या कॉपीबद्दल मी खूप विचार करतो. फोटो सरकारी होता, लँगला त्याच्या विक्रीतून काही मिळत नव्हतं, त्यामुळे पैशाचा आरोप तिच्यावर करता येत नाही आणि मला करायचाही नाही. पण एक कॉपी! विसाव्या शतकातला कदाचित सगळ्यात जास्त छापला गेलेला चेहरा, १९९८ला त्याचं पोस्टाचं तिकीट निघालं, आणि म्हातारपणापर्यंत तिच्या मनात राहिलं ते हे की बोललेली कॉपी पोचली नाही. १९८३ला फ्लॉरेन्स आजारी पडली तेव्हा लोकांनी हजारो डॉलर पाठवले, आलेली पत्रं वाचून तिच्या मुलांचा त्या फोटोकडे बघायचा दृष्टिकोन बदलला, हे पण खरं आहे आणि ते सांगायला पाहिजे. मला तर त्यातून हेच दिसतं की नाव कळल्यावर लोक मदतीला आले.

पुढचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. स्टीव्ह मॅककरीने पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत १९८४ला काढलेली हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी, १९८५च्या जूनमध्ये नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर, आणि तिचं नाव शरबत गुला हे कळलं २००२ला. ब्राझीलचा फोटोग्राफर सेबास्तियाओ साल्गादो, २०२५ला गेला, माझा फार आवडता माणूस, सेरा पेलादाच्या सोन्याच्या खाणीतले त्याचे फोटो बघून मी अजूनही गप्प होतो, पण अमेरिकन लेखिका सुसान सोंटॅगने २००३च्या पुस्तकात त्याच्यावर जी टीका केली ती मला पटते. तिचं म्हणणं होतं की त्याच्या फोटोंखाली दुबळ्या माणसांची नावं नसतात, आणि मग माणूस म्हणजे फक्त त्याचा दुबळेपणा एवढंच उरतं. आपल्याकडच्या ‘कष्ट’ आणि ‘प्रतीक्षा’ या कॅप्शन्सना हेच लागू पडतं. त्या मावशीच्या दोन होड्या असतील, मुलगा मरीन इंजिनिअरिंगला असेल, लिलावात तिच्या शब्दाला वजन असेल, फोटोत मात्र ती ‘कष्ट’.

यावर ठरलेलं उत्तर येतं, फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ. ‘तो कुठे विचारायचा? डिसायसिव्ह मोमेंट, म्हणजे नेमका क्षण, विचारलं की तो गेला.’ ठीक आहे, कार्तिए-ब्रेसाँ न विचारता फोटो काढायचा, रस्त्यावर बहुतेक वेळा न विचारताच. पण तो वापरायचा छोटा लायका कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची लेन्स. ज्याने ५० वापरलीय त्याला माहीत असेल, माणूस फ्रेममध्ये नीट यायला दोन-तीन पावलांवर जावं लागतं, म्हणजे समोरच्यालाही तुम्ही दिसता, तो नको म्हणू शकतो, तोंड फिरवू शकतो, शिवी देऊ शकतो. लांबून २००ची लेन्स लावून त्याचं नाव घेणं मला पटत नाही. आणखी एक, ३० जानेवारी १९४८ला, गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, तो त्यांना भेटायला गेला होता तेव्हा आपल्या प्रदर्शनाचा कॅटलॉग सोबत घेऊन गेला होता आणि तो त्यांना दाखवला. मी काय करतो ते बघा, असं समोरच्याला दाखवणारा माणूस होता तो, हा भाग मात्र वर्कशॉपमध्ये कुणी सांगत नाही.

चोरून काढलेल्या फोटोंचं सगळ्यात प्रामाणिक उदाहरण म्हणाल तर अमेरिकन फोटोग्राफर वॉकर एव्हान्स. १९३८ ते १९४१ या काळात त्याने न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली कॅमेरा लपवून समोर बसलेल्या लोकांचे फोटो काढले, आणि त्यांचं पुस्तक आलं १९६६ला. पंचवीस वर्षं! आज बंदरावर दुपारी काढलेला फोटो रात्री जेवायच्या आधी हजार लोकांनी बघितलेला असतो. न विचारता फोटो काढायचाच असेल तर निदान तेवढा धीर तरी हवा की नको?

दुसरा आक्षेप असा की विचारलं की लोक पोज देतात आणि नैसर्गिकपणा जातो. जाऊ दे की. ऑगस्ट झांडरने जर्मनीत बेकरीवाला, शेतकरी, वकील, हमाल असे शेकडो लोक समोर उभे करून, कॅमेऱ्यात बघायला लावून टिपले, १९२९ला त्यातले साठ फोटो पुस्तकात आले, आणि त्या काळातला जर्मनीचा समाज बघायचा तर आजही लोक तिथेच जातात. नावाऐवजी धंदा लिहायची त्याची पद्धत मला खटकते, पण ती माणसं स्वतःच्या पायावर, स्वतःला दिसायचं तशी उभी आहेत. आपल्या घरातले जुने फोटो आठवा ना. चाकरमानी मुंबईहून आल्यावर तालुक्याच्या गावी स्टुडिओत जाऊन काढलेला फोटो, मागे रंगवलेला महाल नाहीतर बाग, आजोबा खुर्चीत, हात गुडघ्यावर, आजी उभी, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, मुलाच्या हातात स्टुडिओतलंच प्लास्टिकचं फूल, आणि फोटोच्या मागे शाईने तारीख, सगळ्यांची नावं. पोज आहे, सगळीच पोज आहे, आणि त्या माणसांना आपण कसं लक्षात राहायला हवं होतं हे त्यात जितकं दिसतं तितकं कुठल्याच चोरट्या फोटोत दिसत नाही. कुणीतरी नावं लिहिली म्हणून आज ती आपल्याला ओळखता येतात.

किनाऱ्यावर राहणाऱ्या कुणालाही मी अमेरिकन फोटोग्राफर युजीन स्मिथचं काम बघायला सांगेन. जपानमधलं मिनामाता, मच्छीमारांचं गाव, चिस्सो नावाच्या केमिकल कंपनीने वर्षानुवर्षं पाऱ्याचं सांडपाणी समुद्रात सोडलं, ते माशांत गेलं, माशांतून माणसांत, १९५६ला रोगाची अधिकृत नोंद झाली. स्मिथ बायको आयलीनबरोबर १९७१ला तिथे गेला आणि १९७४पर्यंत तिथे भाड्याचं घर घेऊन राहिला. कंपनीच्या माणसांनी त्याला मारलं, डोळ्याला इजा झाली, तरी राहिला. त्याचा सगळ्यात गाजलेला फोटो म्हणजे जन्मतःच हा रोग घेऊन आलेल्या तोमोकोला तिची आई अंघोळ घालतेय तो, डिसेंबर १९७१चा, आईला विचारून काढलेला, आणि तोमोकोचं नाव पहिल्यापासून त्या फोटोबरोबर आहे. तोमोको १९७७ला गेली. पुढे तिच्या आईवडिलांना वाटलं की आता पुरे, मुलीला विश्रांती द्या, आणि आयलीनने नव्वदच्या दशकाच्या शेवटी तो फोटो छापायला देणं थांबवलं. विचार करा, जगभर गाजलेला फोटो, हक्क आपल्याकडे आहेत, आणि घरच्यांच्या शब्दाखातर आवरून घेतला. ओळख होती, येणं-जाणं होतं म्हणून घरचे सांगू शकले आणि तिला ऐकावंसं वाटलं. फ्लॉरेन्स थॉम्पसनला असं सांगायला कुणी माणूसच नव्हता.

आपल्याकडे दाभोळ खाडीचे मच्छीमार लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या रासायनिक सांडपाण्याबद्दल किती वर्षं ओरडतायत. बातमी येते तेव्हा फोटो असतो पाण्यावर तरंगणाऱ्या मेलेल्या माशांचा. तो पाहिजेच. पण वाशिष्ठीच्या काठच्या एखाद्या भोई कुटुंबाबरोबर दोन-तीन वर्षं राहून, त्यांच्या नावानिशी, जाळं टाकण्यापासून ते पोरगं कंपनीत कंत्राटी कामाला लागेपर्यंतचं काम कुणी उभं केलं, तर तो दस्तऐवज होईल. यासाठी वीकेंड टूर पुरणार नाही, त्या गावातल्याच कुणीतरी कॅमेरा हातात घ्यायला पाहिजे किंवा बाहेरून आलेल्याने तिथे राहायला पाहिजे.

आपल्या देशातच याचे उत्तम नमुने आहेत. फोटोग्राफर दयानिता सिंग १९८९ला लंडनच्या टाइम्ससाठी दिल्लीत तृतीयपंथीयांवर काम करत होत्या, तिथे मोना अहमद भेटली, फोटो काढून झाले आणि हे लंडनच्या पेपरात येणार म्हटल्यावर मोना म्हणाली नको, लंडनला माझे नातेवाईक आहेत, रोल परत दे. दयानितांनी रोल देऊन टाकला. असाइनमेंट गेली, मैत्री राहिली, आणि पुढे वर्षानुवर्षांच्या त्या मैत्रीतून २००१ला पुस्तक आलं त्यात मोनाचे स्वतःचे शब्द आहेत, तिने प्रकाशकाला लिहिलेल्या ईमेल. २०२२ला दयानितांना हॅसलब्लाड हा फोटोग्राफीतला मोठा पुरस्कार मिळाला. रोल परत दिल्याने कुणाची कला कमी होत नाही हे याहून स्पष्ट काय सांगणार.

आणि हे तर आपल्या कोकणातलंच. फोटोग्राफर गौरी गिल २०१३ पासून डहाणू तालुक्यातल्या गंजाडला वारली चित्रकार राजेश वांगड यांच्याबरोबर काम करतायत. वांगड त्यांना घेऊन फिरले, इथे हे झालं, या डोंगरात हा देव, इथे दुष्काळात असं झालं, इथे कारखाना आला, सगळं सांगत गेले, गौरींनी ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढले, आणि नंतर त्यांना जाणवलं की वांगडांनी सांगितलेलं यातलं फोटोत काहीच आलेलं नाही. मग त्या प्रिंटवर वांगडांनी शाईने चित्रं काढली. आभाळात, झाडांत, डोंगराच्या उतारावर बारीक बारीक माणसं, प्राणी, यंत्रं. एका चित्रात दोघांचं बघणं आहे आणि खाली दोघांची नावं. तसंच जव्हारला, बोहाड्याची सोंगं म्हणजे देवादिकांचे मुखवटे बनवणाऱ्या कलाकारांना त्यांनी सांगितलं की रोजच्या जगण्यातले मुखवटे करा, मग ते मुखवटे घालून गावातली माणसं दुकानात, दवाखान्यात, घरी बसलेली असे रंगीत फोटो झाले. मला हे काम अतिशय महत्त्वाचं वाटतं कारण गावातल्या माणसाकडे पण कल्पना असते हे त्यात गृहीत धरलंय. त्याच जव्हार-डहाणूत जाऊन लोक अजून ‘आदिवासी सौंदर्य’ असं लिहून बायकांचे फोटो टाकतात.

रंगाचं पण बोलायला हवं. स्पर्धेत जायचं म्हटलं की म्हाताऱ्या माणसाचा फोटो ब्लॅक अँड व्हाइट होतो, सुरकुत्या खेचून वर काढल्या जातात. रंगीत फोटो काढणारे रघुबीर सिंह आयुष्यभर सांगत राहिले की रंग हा इथल्या जगण्याचाच भाग आहे, तो काढून टाकला तर दिसतं ते दुसऱ्याच कुणाचं बघणं. जांभ्या चिऱ्याची भिंत, त्यावर पावसाचं शेवाळं, हळदीच्या दिवसातली हिरवी-पिवळी लुगडी, हे करडं करून टाकलं तर राहिलं काय, नुसता म्हातारा चेहरा आणि त्याचं ‘दुःख’.

दशावतारात तर हे मला सहनच होत नाही. मंडळाच्या हँडबिलावर राजा कोण, राक्षस कोण, स्त्रीभूमिका कोणाची, सगळी नावं छापलेली असतात, माणसं नाव वाचून नाटक बघायला जातात. आणि बाहेरून आलेल्याचा फोटो असतो, पेटाऱ्यावर आरसा ठेवून अर्धा रंग लावलेला माणूस, खाली लिहिलेलं ‘कलाकार’. अख्ख्या जत्रेला ज्याचं नाव माहीत आहे तो फोटोत निनावी होतो, हँडबिल तिथेच खांबावर चिकटवलेलं असताना.

घरांचं पण तेच. ड्रोन आले आणि वरून हिरवं-निळं-पांढरं असं कोकण सगळीकडे दिसायला लागलं, पण त्या हिरव्यात कुठलं घर कुणाचं हे कुणी टिपत नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेची किती घरं, दुकानं, वड-पिंपळ गेले, बाजारपेठांचे तोंडवळे बदलले, आणि पाडण्याआधी त्या सगळ्याचे पद्धतशीर फोटो काढून ठेवावेत हे काम कुठल्याच सरकारी यादीत नव्हतं. पॅरिसने १८६०च्या दशकात हे केलं. जुन्या गल्ल्या पाडून रुंद रस्ते करायचे ठरलं तेव्हा नगरपालिकेने शार्ल मार्व्हिल नावाच्या फोटोग्राफरला त्या गल्ल्या टिपायला लावलं, ४००च्या वर फोटो, प्रत्येकावर गल्लीचं नाव. जर्मनीत बेर्न्ड आणि हिला बेखर या जोडप्याने १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींवरचे मनोरे टिपले, सगळे समोरून, एकाच पद्धतीने, ढगाळ उजेडात म्हणजे सावल्या पडू नयेत, आणि प्रत्येकाचं ठिकाण आणि साल लिहिलेलं. ढगाळ उजेडाची कोकणाला काय कमतरता! जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं. एखाद्या कॉलेजच्या मुलांनी एका गावातली चिऱ्याची कौलारू घरं, पुढे पत्र्याची शेड टाकलेली, अर्धा स्लॅब झालेली, कुलूप लागलेली, अशी सगळी समोरून टिपली, घराचं नाव आणि साल घातलं, आणि एकेक प्रिंट घरवाल्याला दिली, तर दहा वर्षांनी त्याची किंमत कळेल. ड्रोन शॉटला त्याची सर नाही.

प्रिंट का, फाइल का नाही, असं कुणी विचारेल. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो फोन बदलला की जातो, म्हणून. २२ जुलै २०२१ला चिपळूण पाण्यात गेलं तेव्हा लोकांनी बाहेर काढलेल्या चिखलाच्या ढिगात अल्बम होते. प्लास्टिकच्या पानांत पाणी शिरलेलं, फोटो एकमेकांना चिकटलेले, सोडवायला गेलं की चेहऱ्याचा रंग प्लास्टिकला लागून निघून यायचा, साडीची बॉर्डर आणि मंडप शिल्लक, माणूस गेलेला. जपानमध्ये २०११च्या त्सुनामीनंतर स्वयंसेवकांनी असे लाखो फोटो पाण्यात हलक्या हाताने धुतले, दोरीवर वाळवले आणि लोकांनी ओळखून न्यावेत म्हणून हॉलमध्ये मांडले. आपल्याकडे बहुतेक सगळं कचऱ्याच्या डंपरमध्ये गेलं. ज्या प्रिंट दुसऱ्या गावात कुणाकडे होत्या त्या वाचल्या. म्हणून प्रिंट दोन हव्यात, एक घरात, एक वाचनालयात. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर दीडशेहून जास्त वर्षं चालू आहे, त्या पुरात त्यांची पण पुस्तकं गेली, तरी ते उभं आहे, आणि अशी जुनी वाचनालयं कोकणात गावोगावी आहेत. त्यांना फोटो सांभाळायला एक कपाट आणि वरचा मजला द्या, यासाठी ग्रामपंचायत, नगरपरिषद यांनी पैसे ठेवले तर फार मोठी रक्कम लागत नाही.

कायद्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारा, फोटोतल्या माणसाला नुसता तो फोटोत आहे म्हणून कॉपीराइट मिळत नाही. आमच्या भागातल्या एका काकूंचा सुके बोंबील वळवतानाचा फोटो एका रिसॉर्टच्या बोर्डवर लागला, त्यांना कळलं ते नातवाने येता-जाता बघितला म्हणून. त्यांना राग आला तो न विचारल्याचा, आणि जास्त राग आला तो त्या दिवशी नेसलेल्या फाटक्या लुगड्याचा. मला विचारलं असतं तर चांगलं नेसले असते, असं त्या म्हणाल्या. हे ऐकून ‘पण तो फोटो खरा होता’ असं म्हणायची माझी हिंमत नाही.

तर जे स्पर्धा भरवतात त्यांच्याकडून सुरुवात होऊ शकते, कारण फोटो तिथल्या बक्षिसाकडे बघूनच काढले जातात. एन्ट्री फॉर्मवर आणखी तीन रकाने घाला, फोटोतल्या माणसाचं नाव आणि गाव, त्याने छापायला हो म्हटलंय का, आणि प्रिंट दिली का. लहान मुलांचा फोटो असेल तर आई-बापाची सही. लिलावात, जत्रेत, गर्दीत प्रत्येकाचं नाव मिळणार नाही हे मान्य, तिथे बंदर, दिवस, प्रसंग लिहा, पण चेहरा फ्रेमभर असेल तर नाव पाहिजेच. ज्या फॉर्मवर ते रकाने रिकामे असतील तो फोटो कितीही सुंदर असो, बक्षिसाला घेऊ नका. प्रदर्शन लागलं की फोटोतल्या माणसांना बोलवा, समोरच्या रांगेत बसवा, आणि भिंतीवर दोन्ही नावं सारख्याच अक्षरात लावा, काढणाऱ्याचं आणि दिसणाऱ्याचं. टूर नेणाऱ्यांनी पहिला अर्धा दिवस कॅमेरे बॅगेत ठेवून नुसतं बंदरावर बसायला, बोलायला लावलं तर ‘पैसे वाया गेले’ म्हणणारे काही जण निघतील, त्यांनी खुशाल दुसरी टूर बघावी. चार बाय सहाची प्रिंट वडापावाच्या पैशात होते, दापोलीत, मालवणात, रत्नागिरीत फोटो स्टुडिओ आहेत, दुसऱ्या दिवशी मिळते, त्यामुळे ‘परत कोण येणार द्यायला’ ही सबब पण राहत नाही, स्टुडिओवाल्याकडे पाकिटावर नाव-वाडी लिहून ठेवली तरी गावातलं कुणीतरी नेऊन पोचवतं. दिवाळीच्या सुमाराला यंदाच्या स्पर्धांचे फॉर्म निघायला लागतील, तुमच्यापैकी जे मंडळात, कॉलेजात, महोत्सवाच्या समितीत आहेत त्यांनी ते छापायला जाण्याआधी हे तीन रकाने त्यात टाकून घ्या. मला कुठे परीक्षक म्हणून बोलावलं तर मी हे आधी विचारणार आहे, आणि फॉर्मवर ते रकाने नसतील तर येणार नाही.